सकाळी रोज थोडं नवीन शिकायचंय? मग आदल्या रात्रीपासून सुरुवात करा

सकाळी उठून रोज काहीतरी नवीन शिकायचं असं ठरवणारे भरपूर असतात. पहिला आठवडा जोरात जातो, दुसऱ्या आठवड्यात एखादा दिवस बुडतो आणि महिना संपेपर्यंत नव्याचे नऊ दिवस झालेले असतात. लोक याला आळस म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. घोडं कुठे पेंड खातं बघा: माणूस उठतो, तोंड धुतो, बसतो आणि मग विचार करायला लागतो की आज नक्की काय करू, कुठला व्हिडिओ लावू, काल कुठपर्यंत आलो होतो, ती वही कुठे ठेवली, आणि हे सगळं ठरेपर्यंत पंधरा मिनिटं गेलेली असतात, घरातले उठलेले असतात, कोणीतरी हाक मारतं आणि "उद्या बघू" होतं. म्हणजे शिकण्याचा कंटाळा आलेला नसतोच, ठरवण्यातच वेळ जातो.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की सकाळच्या शिकण्याचा एकही निर्णय सकाळी घ्यायचा नाही. काय, कुठे, कुठून सुरू, हे सगळं आदल्या रात्री ठरवून ठेवायचं, आणि सकाळी बसल्यावर नवीन काही बघायच्या आधी कालचं आठवायचं. या दोन गोष्टी जमल्या की बाकीच्या खाली-वर झाल्या तरी चालतात. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टी कशा जमवायच्या याबद्दलच आहे.

झोप कापून काही करू नका

हे सगळ्यात आधी सांगतोय कारण इथेच लोक स्वतःवर जबरदस्ती करतात. रात्री बाराला झोपायचं आणि पहाटे पाचचा अलार्म लावायचा, का तर कोणीतरी सांगितलंय की यशस्वी माणसं पाचला उठतात. मोठ्या माणसाला रात्रीची किमान ७ तास झोप लागते, अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१५ मध्ये दिलेली शिफारसही तीच आहे. आणि झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं पक्कं करत असतो, म्हणजे झोप कापून शिकायला बसलात तर एका हाताने मिळवायचं आणि दुसऱ्या हाताने घालवायचं. सकाळी २० मिनिटं काढायची असतील तर रात्री २० मिनिटं लवकर आडवं व्हा, हिशोब इतका सोपा आहे. करायला सोपा नाही हे मान्य, पण दुसरी वाट नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येकाचं शरीर पहाटेचं नसतं. जेम्स हॉर्न आणि ओलोव्ह ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची एक प्रश्नावली केली, माणूस सकाळचा की संध्याकाळचा हे बघायला, ती आजही वापरतात. वयानुसारही हे बदलतं, कॉलेजच्या वयात बहुतेकांचं घड्याळ उशिराकडे झुकलेलं असतं. त्यामुळे सकाळ म्हणजे पाच असं काही नाही. तुमची सकाळ म्हणजे उठल्यापासून दुसऱ्या कोणाचं तरी पहिलं काम तुमच्यावर येऊन पडेपर्यंतचा वेळ, मग तो सहाला असो नाहीतर साडेनऊला. रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ दुपारी दोनला होते, तिलाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

उठल्या उठल्या लगेच बसू नका. जागं झाल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटं डोकं जड असतं, कधीकधी त्याहून जास्त, ते सगळ्यांचं असतं. तेवढ्या वेळात तोंड धुणं, पाणी पिणं, पडदे उघडून उजेड आत घेणं, अंथरूण आवरणं हे उरकून घ्यायचं.

एकच गोष्ट, आणि तीही लहान करून

एका वेळी एकच विषय. सोमवारी गिटार, मंगळवारी कोडिंग, बुधवारी फ्रेंच असं वेळापत्रक कागदावर फार छान दिसतं पण मग गिटारची आठवण पुढच्या सोमवारीच होते आणि प्रत्येक वेळी पहिले पाढे पंचावन्न. महिनाभर एक धरा, मग बदला.

आणि विषय जसा मनात येतो तसा घेऊ नका, कारण मनात येतो तो नेहमी फार मोठा असतो. "जपानी शिकायचंय" हे सकाळच्या वीस मिनिटांत मावतच नाही, रोज उठून एवढा डोंगर बघितला की पाय उचलत नाही. तेच "हिरागाना ही जपानी लिपी वाचता आली पाहिजे" असं धरलं तर ती मूळ ४६ अक्षरं आहेत, रोज एक ओळ म्हणजे साधारण पाच अक्षरं घेतली आणि मध्ये उजळणीचे दिवस ठेवले तरी महिन्याच्या आत होतं. "एक्सेल शिकायचंय" च्या ऐवजी "पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीच्या गटवार बेरजा दाखवणारा तक्ता, कोणाला न विचारता करता आलं पाहिजे." "बुद्धिबळ सुधारायचंय" च्या ऐवजी "राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा असेल तर मात करता आलीच पाहिजे." "चित्रकला" च्या ऐवजी "माणसाचा हात काढता आला पाहिजे, कुठल्याही बाजूने." वाक्याच्या शेवटी "करता आलं पाहिजे" येतंय का ते बघा, "माहिती पाहिजे" येत असेल तर विषय अजून धूसर आहे. माहिती झाली की नाही हे तपासायला काही साधन नसतं, करता येतंय की नाही हे दोन मिनिटांत कळतं.

काही गोष्टी सकाळी बसत नाहीत हेही आधीच बघा. घरात बाकीचे झोपलेले असतील तर तबला किंवा ट्रम्पेट नको, जिथे साहित्य मांडायला आणि आवरायलाच पंधरा मिनिटं जातात ते सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा, आणि ज्यात दुसरा माणूस लागतो तेही. बातम्या वाचणं, पॉडकास्ट ऐकणं हे चांगलंच आहे पण याला मी शिकणं धरत नाही, तो वेळ वेगळा.

वेळ किती, तर १५ ते २० मिनिटं पुरतात. १५ मिनिटं आणि वर्षातले ३०० दिवस धरले, म्हणजे दोनेक महिने बुडाले असं गृहीत धरूनही, ७५ तास होतात. एखाद्या विषयाला ७५ तास दिलेला माणूस आणि न दिलेला माणूस यांच्यात चांगलाच फरक पडतो. तासभर बसायचा उत्साह पहिल्या आठवड्यात येईलच, तेव्हा बसू नका. टायमर वाजला की उठा, अर्धवट राहिलं तरी उठा, दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटायला तेच कामाला येतं.

रात्रीची पाच मिनिटं

झोपायच्या आधी तीन गोष्टी करायच्या. वही उद्याच्या कोऱ्या पानावर उघडी करून, वर पेन ठेवून, जिथे बसायचं त्याच जागी ठेवायची, कपाटात नाही, बॅगेत नाही. पुस्तक असेल तर ते पान उघडून उलटं ठेवायचं किंवा खूण घालायची, व्हिडिओ असेल तर तो शोधून, डाउनलोड करून, जिथून सुरू करायचा तिथे थांबवून ठेवायचा. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: कोऱ्या पानाच्या डोक्यावर उद्याचा पहिला प्रश्न लिहून ठेवायचा. प्रश्नच, धड्याचं नाव नाही. "का, की, कु, के, को न बघता काढून दाखव." किंवा "पिव्होट टेबलमध्ये महिन्याप्रमाणे बेरीज हवी असेल तर तारीख कुठे टाकायची?" सकाळी जडावलेल्या डोक्याला समोर प्रश्न दिसला की ते आपसूक उत्तर शोधायला लागतं, धड्याचं नाव दिसलं तर नुसतं बघत बसतं.

याच्यासोबत एक वाक्य पक्कं करायचं, कधी आणि कुठे याचं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नव्वदच्या दशकात यावर बरंच काम केलं, नुसतं "मी हे करणार" असं ठरवणाऱ्यांपेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा होतं असं त्यात दिसलं. म्हणून "सकाळी अभ्यास करणार" असं म्हणू नका, "दात घासून झाले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वही उघडणार" असं म्हणा. जोडायची गोष्ट अशी निवडा जी तुम्ही काहीही झालं तरी करताच. दात घासणं चांगलं, आंघोळही चांगली. "व्यायाम झाला की" असं जोडू नका, ज्या दिवशी व्यायाम बुडेल त्या दिवशी हेही बुडेल. आणि घड्याळाच्या काट्याला तर अजिबात बांधू नका, सहा वाजता बसायचं ठरवलं आणि सहा वाजून दहा मिनिटं झाली की मन लगेच म्हणतं आजचं गेलं.

सकाळी बसल्यावर

आता नीट एक सकाळ बघू, उदाहरण हिरागानाचंच घेऊ, कारण ते बारीक बघता येतं.

बसलात, पानावर रात्रीचा प्रश्न आहे. पहिली पाच मिनिटं पुस्तक बंद. कालची पाच अक्षरं कोऱ्या पानावर काढायची, जी येतात ती काढा, जे येत नाही तिथे रेघ मारून पुढे जा, पण डोकावू नका. इथे फार अस्वस्थ वाटतं, काल तर येत होतं आणि आज पाचातली दोनच आठवतायत, हात आपोआप पुस्तकाकडे जातो. थांबा. तो जो आठवायला त्रास होतोय ना, जिभेवर आहे पण येत नाहीये, तेच शिकणं चालू आहे. पूर्ण मिनिटभर प्रयत्न करून नाही आलं तर सोडा. मग पुस्तक उघडून ताडून बघा आणि चुकलेल्यावर गोल करा.

हे इतकं जोर देऊन का सांगतोय तर याच्यामागे चांगला आधार आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग केले, अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळानं किती विसरलं जातं ते मोजायचं, १८८५ मध्ये त्यानं ते छापलं. यादी दुसऱ्यांदा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती कष्ट वाचले यावरून तो मोजायचा. २० मिनिटांनी निम्म्याहून थोडे जास्त कष्ट वाचायचे, एका दिवसानं साधारण एक तृतीयांश, महिन्यानं एक पंचमांश. म्हणजे विसरणं सगळ्यात वेगानं होतं ते पहिल्याच दिवसात, नंतर वेग कमी होत जातो. म्हणून कालचं आज सकाळीच हाताळलं पाहिजे, रविवारी एकदम आठवड्याचं बघू म्हणून चालत नाही.

आणि हाताळायचं म्हणजे परत वाचायचं नाही. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, मग काहींनी तोच उतारा परत वाचला आणि काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. पण आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आठवत होतं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. यातली फसवणूक लक्षात घ्या, परत वाचलं की लगेच सगळं ओळखीचं वाटतं, छान वाटतं, झालं असं वाटतं, आणि ते छान वाटणं आठवड्यात विरून जातं. आठवून लिहिताना उलट आपल्याला काही येत नाही असं वाटतं आणि तरी पक्कं तेच होतं. सकाळी नुसते व्हिडिओ बघणाऱ्यांचं सहा महिन्यांनी काही हाताला लागत नाही त्याचं मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं.

मग पुढची आठ-दहा मिनिटं नवीन. समजा आज "ना" ची ओळ आहे, ना, नी, नु, ने, नो. एकेक अक्षर बघायचं, पुस्तक झाकायचं, काढायचं, परत ताडायचं. आणि काढताना त्यात खूण शोधायची. ना, नु आणि ने या तिन्हींच्या शेपटीला एक छोटी गाठ असते हे एकदा दिसलं की पुढे फार उपयोग होतो, कारण दहा-बारा दिवसांनी "रे" आणि "वा" येतात तेव्हा सगळ्यांचा घोळ होतो, ने, रे आणि वा यांची डावी बाजू हुबेहूब सारखी, एक उभी रेघ आणि तिच्यावरून जाणारी नागमोडी, फरक फक्त उजवीकडे. "ने" ची शेपटी गाठ मारते, "रे" ची बाहेर उडते आणि "वा" ची आत वळून तशीच मोकळी सुटते. तसंच नु आणि मे, गाठ आहे तो नु, नाही तो मे. असे फरक कोणी सांगितले तर ठीकच पण स्वतःला चुकत चुकत सापडले की ते विसरत नाहीत, म्हणून चुकलेल्या अक्षराशेजारी कशाशी गोंधळ झाला ते दोन शब्दांत लिहा.

शेवटची दोन-तीन मिनिटं शिकलेलं वापरून बघायला. आत्तापर्यंत आलेल्या अक्षरांतून एखादा खरा शब्द वाचायचा. "नेको" म्हणजे मांजर, "इनु" म्हणजे कुत्रा, पाचव्या दिवशीच हे दोन्ही वाचता येतात आणि तो आनंद वेगळाच असतो, तो चुकवू नका. टायमर वाजला की वही बंद. जाता जाता उद्याचा प्रश्न सुचला असेल तर आत्ताच लिहून टाका, रात्रीचं काम हलकं होईल.

कार्डांचं काय करायचं

कालचं आज आठवलं, पण परवाचं? मागच्या आठवड्याचं? सगळंच रोज आठवायला बसलात तर नवीन काही होणारच नाही. यासाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली डब्यांची पद्धत अजूनही सगळ्यात सोपी. मी तिचं तीन पाकिटांचं रूप सांगतो. प्रत्येक गोष्टीचं एक छोटं कार्ड करायचं, पुढे प्रश्न, मागे उत्तर. पहिल्या पाकिटातली कार्डं रोज बघायची, दुसऱ्यातली तीन दिवसांतून एकदा, तिसऱ्यातली आठवड्यातून एकदा. कार्ड बरोबर आलं की पुढच्या पाकिटात, चुकलं की ते कुठेही असू दे, थेट पहिल्यात. बस एवढंच. जे पक्कं आहे ते आपोआप मागे पडतं आणि जे डळमळीत आहे ते रोज समोर येतं. मोबाईलवर हे करणारी अॅप आहेत आणि ती चांगली आहेत, पण सकाळी मोबाईल हातात घेणं किती धोक्याचं आहे ते ज्याचं त्याला माहीत, माझं मत कागदाकडे.

एका कार्डावर एकच गोष्ट. "युरोपातल्या नद्या" असं कार्ड केलं तर ते कधीच धड बरोबर येणार नाही आणि कायम पहिल्या पाकिटात पडून राहील. आणि रोज पाच-सातपेक्षा जास्त नवीन कार्डं करू नका, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात उजळणीच एवढी साचते की बघूनच नको वाटतं.

हाताच्या कामांना कार्डं लागत नाहीत. गिटार, विणकाम, टायपिंग, कॅलिग्राफी यात आठवणं म्हणजे काही न बघता, सराव न करता, गार हातानं कालची गोष्ट एकदा करून बघणं. समजा गिटारवर G कॉर्डवरून C कॉर्डवर जायचंय (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर), मिनिटाचा टायमर लावा आणि स्वच्छ वाजलेले बदल किती झाले ते मोजून आकडा लिहा. मग फक्त जिथे बोट अडतंय तेवढाच भाग हळू हळू करा, अख्खं गाणं वाजवत बसू नका, येणारा भाग वाजवायला मजा येते म्हणून सगळा वेळ त्यातच जातो. शेवटी परत मिनिटभर मोजा.

फोन

याला मधला मार्ग नाही. फोन अलार्मसाठी उशाशी असेल तर अलार्म बंद करताना स्क्रीनवर रात्रभरातले मेसेज दिसतात, आणि एक मेसेज वाचला की डोक्यात दुसऱ्याचा विषय घुसतो, मग वीस मिनिटं बसलात तरी निम्मं लक्ष तिकडे. साधं अलार्मचं घड्याळ घ्या, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. शिकायचं साहित्यच फोनवर असेल तर ते आधी डाउनलोड करून रात्रीच एअरप्लेन मोड लावून ठेवा आणि वही मिटेपर्यंत तो काढू नका. टायमरही शक्यतो फोनवर नको.

खंड पडतोच

पाहुणे येतात, ताप येतो, प्रवास असतो, बाळ रात्रभर झोपत नाही. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळीकडे ऐकू येतं त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलेल्या एका निरीक्षणात आहे, त्याचे पेशंट नवीन चेहऱ्याला सरावायला किमान २१ दिवस घेतात असं. त्यातलं "किमान" गळालं आणि चेहराही गळाला. फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ लोकांना १२ आठवडे एकेक नवीन सवय लावून बघितली, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा आला ६६, आणि लोकांलोकांत फरक केवढा तर १८ दिवसांपासून पार २५४ पर्यंतचा अंदाज. म्हणजे महिना झाला तरी अजून जोर लावूनच बसावं लागतंय म्हणून तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका, हे अगदी नॉर्मल आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. एक दिवस बुडाला म्हणून सगळं मुसळ केरात गेलं असं धरून बसणं, खरं नुकसान त्यानं होतं.

यासाठी वाईट दिवसाचं एक छोटं रूप आधीच ठरवून ठेवा, दोन मिनिटांचं. नवीन काही नाही, फक्त पानावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि उठायचं. उभ्या उभ्या, प्रवासात, आजारी असताना अंथरुणात, कसंही. आणि तेही नाही झालं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, भरपाईचा अभ्यास म्हणजे शिक्षा होऊन बसते. आठवडाभराचा खंड पडला असेल तर पहिले दोन दिवस फक्त उजळणी, पहिलं पाकीट आणि मागची पानं, नवीन तिसऱ्या दिवसापासून. खंडानंतर पहिल्याच दिवशी नवीन उघडलं की कालचं आठवत नाही आणि आजचं कळत नाही, मग माणूस कायमचा सोडतो.

घरातल्यांना सांगून ठेवणं मात्र विसरू नका. "मी या वेळेत वीस मिनिटं बसणार आहे, तेवढं कोणी हाक मारू नका" एवढं एकदा स्पष्ट बोललं की बरेच प्रश्न सुटतात, आणि बदल्यात त्यांच्यासाठीही तशी वीस मिनिटं काढून द्यायची तयारी ठेवा, विशेषतः लहान मुलं असतील तर नवरा-बायकोनं एकेक दिवस आड वाटून घेतलं तरी चालतं. दिवसाआड बसणारा आणि टिकणारा माणूस रोज बसून महिन्यात थांबणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे जातो. मूल मध्येच उठलं तर दोन मिनिटांचं रूप करा आणि उठा, चिडचिड करून बसण्यात अर्थ नाही.

कॅलेंडरवर टिक करायची सवय काहींना फार उपयोगी पडते, करा, पण त्यासोबत आठवड्यातून एकदा वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहा, "या आठवड्यात मला काय करता यायला लागलं?" दिवस मोजले की कधीकधी नुसतं बसणं होतं, ही ओळ लिहायला लागली की लगेच कळतं. सलग दोन आठवडे ओळ सुचली नाही तर विषय मोठा घेतलाय किंवा नुसतं वाचन चाललंय, रोजचा तुकडा निम्मा करून बघा.

महिना संपला की पहिल्या दिवशी लिहिलेलं "करता आलं पाहिजे" चं वाक्य काढा आणि खरोखर करून बघा, एका बैठकीत, पुस्तक बंद. आलं तर पुढचा विषय निवडा, तोच विषय पुढे न्यायचा असेल तर नवीन वाक्य लिहा, हिरागानानंतर काताकाना ही दुसरी जपानी लिपी, पिव्होट टेबलनंतर चार्ट. नाही आलं तर जे अडलं तेवढ्याचंच नवीन वाक्य करून आणखी दोन आठवडे द्या, त्याहून जास्त नको. आणि तिसऱ्या पाकिटातली जुनी कार्डं टाकून देऊ नका, नवीन विषय चालू असतानाही आठवड्यातली एक सकाळ त्यांना द्या, सुट्टीच्या दिवसाची चालेल, दहा मिनिटं पुरतात. तिथे सलग चार-पाच वेळा बरोबर आलेलं कार्ड मग बाजूला काढलं तरी हरकत नाही.